मागच्या सीटवरची सुपारी

१

आमच्याकडे सकाळी गजर लागत नाही. सव्वासातला माझी लेक जुई जिन्यावरून खाली येते, तेवढं पुरतं. इथले जिने म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. जुई दीड वर्षाची असल्यापासून आमचा जिना एकाच पद्धतीने उतरते. दोन पायऱ्या पटपट, मग कठडा धरून थांबायचं, पुन्हा दोन पटपट, पुन्हा थांबायचं. आता आठ वर्षांची झाली, कठड्याची गरज संपली, पण सवय राहिली. टप-टप... टप-टप... मी खाली पोहे परतत असते आणि वर न बघता सांगू शकते की बाईसाहेब कितव्या पायरीवर पोचल्यात.

आवाज ओळखणं हा माझा धंदाच आहे. पुण्यात मी इंजिनांच्या आवाजावर काम करायचे. सारंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, इथे डच मुलखात, नायमेखनला, चिपच्या कंपनीत नोकरी लागली आणि मी त्याच्यामागून डिपेंडंट म्हणून आले. दोन वर्षं घरात बसून वैतागले, मग स्वतःच्या नावाने व्यवसायाची नोंदणी केली आणि कामाला लागले. आता गोदामांमधल्या कन्व्हेयर पट्ट्यांना मायक्रोफोन लावते आणि कुठलं बेअरिंग महिन्याभरात जाणार ते सांगते. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, ही बाई पहिल्यापासूनच तसली.

घरात कायमचं भांडण एकच होतं, माझं आणि जुईचं. मी मराठीत विचारायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं.

"जुई, दूध प्यायलीस?"

"या होर."

"होर काय होर! हो म्हण. एक अक्षर आहे, जीभ झिजणार नाही."

त्यावर ती डचमध्येच म्हणायची, "ममा, तुला कळलं ना? मग झालं." वर हसायचीसुद्धा. मला रागही यायचा आणि आतून रडूही यायचं. माझ्याच पोटची पोर आणि माझ्याशी पाहुण्यासारखी बोलते, असं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

२

सारंगला कधी कशाचं वेड लागेल सांगता येत नाही. आधी आंबवलेल्या पिठाचे पाव झाले, मग मधमाश्या झाल्या, आणि यंदा अमेरिकन गाडी. एकोणीसशे शहात्तरची ब्यूइक सेंच्युरी, चॉकलेटी रंगाची. तिकडे तिला मधल्या आकाराची म्हणत. आमच्या गल्लीत उभी केली तर दोन शेजाऱ्यांच्या सायकली अडकून पडतील. ते नावसुद्धा २००५ सालानंतर कंपनीने बंद करून टाकलं.

जेवताना आम्हाला इतिहास ऐकवला जायचा.

"शलाका, तुझ्या कामाची गोष्ट आहे, ऐक तरी. यांनी आठ नळकांड्यांच्या मापावरून सहाचं इंजिन काढलं. काही वर्षं चालवलं आणि सदुसष्ट साली सगळ्या यंत्रांसकट जीपवाल्यांना विकून टाकलं. नकोसं झालं. मग त्र्याहत्तरला तेलाचे भाव भडकले आणि पुढच्याच वर्षी तेच सगळं परत विकत आणलं. म्हणतात, यंत्रं पुन्हा जुन्याच जागी बसली."

"म्हणजे पोरगी सासरी दिली आणि माहेरी परत आणली," मी म्हटलं.

"तसंच. आल्यावर जरा वेगळी झाली होती, इतकंच."

इंजिनाची चाल मात्र मीच जुईला समजावली. आठाच्या मापात सहा बसवले की ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. दोन जवळजवळ, मग दम, पुन्हा दोन जवळजवळ, मग दम. सत्त्याहत्तर साली त्यांनी आतला क्रँकशाफ्टच, म्हणजे फिरणारा मुख्य दांडाच बदलला, तेव्हा चाल सरळ झाली. मी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. जुई हातातला चमचा ठेवून हसायलाच लागली.

"ममा, हे तर मी आहे!" ती डचमध्ये ओरडली. "मी जिन्यावर!"

आणि खरंच होतं ते. आम्ही तिघं पोट धरून हसलो.

३

गाडी ब्रेडा गावाहून आणायची होती. दसऱ्यानंतरचा शनिवार ठरला. सकाळी निघताना सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला.

"किती जण निघालात?"

"तिघं, आई. आणखी कोण असणार?"

"अगंबाई! नव्या गाडीच्या कामाला तिघं नाही निघायचं गं. एक सुपारी घे बरोबर, चौथी म्हणून. आणि येताना आठवणीने घरात आण, देवापुढे ठेव. नेलंय तिला, तर आणायलाच हवं."

नवी गाडी म्हणे! पन्नाशीची होत आली होती ती. पण सासूबाईंशी वाद घालायला ब्रेडाची ट्रेन चुकवावी लागली असती, म्हणून देव्हाऱ्यातली सुपारी उचलली आणि पर्समध्ये टाकली.

विकणारा वीम नावाचा सत्तरीचा डच माणूस होता. हात ग्रीसने माखलेले, बोलणं बेताचं. त्याने गाडी चालू केली आणि मी बॉनेटवर हात ठेवून फोनवर आवाज टिपून घेतला. सवयच ती. चाल सरळ होती. सहाही ठोके सारख्या अंतराने पडत होते.

"हे मूळचं इंजिन नाही," मी म्हटलं.

वीम पहिल्यांदा हसला. "कान आहे तुला. मूळचं गेलं. हे ऐंशी सालच्या गाडीचं बसवलंय, तीस वर्षं झाली. मला ती लंगडी चाल आवडायची नाही."

सारंग कागद बघायला आत गेला. जुई मागच्या सीटवर डावीकडे तिच्या उंच बैठकीवर बसली, मांडीवरचा पट्टा लावला. मी पर्समधून सुपारी काढली आणि तिच्या शेजारी उजव्या जागेवर ठेवली.

"ही कोण माहितेय? ही चौथी. आपल्याबरोबर घरी येणार."

जुईला गंमत वाटली. तिने सुपारीभोवतीसुद्धा पट्टा ओढला आणि टक करून लावला. मग मला डचमध्ये विचारलं, "ही बोलते का?"

आणि मी म्हटलं. देवाशपथ, चेष्टेतच म्हटलं. "बोलते तर! आणि ही माझ्याशी मराठीत बोलणार. तुझ्यासारखी नाही."

जुईचा चेहरा उतरला. क्षणभरच, पण मला दिसला. मी तिच्या गालावर हात फिरवला आणि पुढे जाऊन बसले. वीमने खिडकीतून डोकावून विचारलं, "किती जण आहात तुम्ही?"

"चार," मी हसत सांगितलं.

त्याने मागच्या सीटकडे पाहिलं आणि मान हलवली. माझी चेष्टा त्याला कळली असेल असं मी धरून चालले.

४

नायमेखनच्या रस्त्यावर पेट्रोलला थांबलो. माणूस नसलेला पंप होता, कार्ड लावा आणि भरा. भरदुपार, लख्ख ऊन. पलीकडच्या शेतात गायी उभ्या होत्या. सारंग नळी धरून उभा राहिला, मी कॉफीचे कप टाकायला कचऱ्याच्या डब्याकडे गेले. जुई गाडीतच बसली होती. वाटभर ती एका सुरात विचारत आली होती, "ममा, झेइन वे एर अल?" म्हणजे पोचलो का, पोचलो का. प्रत्येक वेळी मीही तिच्याच भाषेत म्हटलं होतं, "नोख एव्हन, राजा." थोडंच राहिलंय.

माझी पाठ गाडीकडे होती. मागून दार लागल्याचा आवाज आला. त्या गाड्यांची दारं जड, आवाज छातीत बसतो. एक उजवं दार. एकच. मी वळले तर सारंग अजून पंपापाशीच होता. पाय मोकळे करायला जुई उतरली असेल आणि परत चढली असेल, असं मनात आलं आणि गेलंही.

सारंगने आत बसताना आरशात न बघताच विचारलं, "काय, चौघं बसलात ना?"

"हो," मागून उत्तर आलं.

रस्ता सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी माझ्या डोक्यात शिरलं. 'या' नाही, 'या होर' नाही. हो.

तिथून घरापर्यंत कुणी विचारलं नाही, पोचलो का म्हणून.

५

घरामागच्या गॅरेजमध्ये गाडी कशीबशी बसली. जुई उजव्या दाराने उतरून घरात गेली. मी सुपारी घ्यायला मागे वाकले, तर उजव्या जागेवर काही नव्हतं. पट्टा सुटा पडलेला. सीटच्या फटीत बोटं घातली, टॉर्च लावून पायाखालचं बघितलं. नाही.

डावीकडे मात्र जुईच्या बैठकीवरचा पट्टा लागलेला होता. पोरगी पट्टा न सोडता उतरली कशी? जुना पट्टा, सैल असणार, घसरून निघाली असेल. मी ओढून पाहिला. सैल नव्हता. बटण दाबलं, दबेना. सारंग म्हणाला, "गंजलं असेल, सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे परतत होते. सव्वासात झाले. जिन्यावर पावलं वाजली. टप, टप, टप, टप. सारखी, एका अंतराने, शेवटच्या पायरीपर्यंत. मला वाटलं सारंग आला. वळून पाहिलं तर जुई.

"आई, पोह्यांत दाणे घातलेस का?" तिने विचारलं.

स्वच्छ मराठी. 'आई'. जन्मात कधी मला आई म्हणाली नव्हती. आणि मी काय केलं? डोळे भरून आले माझे. तिला जवळ घेतलं, सारंगला हाका मारल्या. तिकडे सासूबाई फोनवर हरखून गेल्या. "गाडीचा पायगुण हो!" म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सुपारी ठेवलीस ना देवापुढे?"

"सापडत नाहीये, आई."

"बघ गं नीट," एवढंच म्हणाल्या.

६

आमच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. खिडकीजवळची जुईची. चौथी पाहुण्यांची, एरवी तिच्यावर वाळलेले कपडे असतात. रविवारपासून जुई कपडे बाजूला ठेवून चौथ्या खुर्चीवर बसायला लागली.

मंगळवारी मी विचारलं, "तुझ्या जागेवर का नाही बसत गं?"

तिने खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "ती जुईची आहे ना, आई," समजूत घालावी तसं म्हणाली आणि पोळीचा घास घेतला.

लहान मुलं खेळतात असे खेळ. मी स्वतःला हेच सांगितलं. वाढताना आमटी मात्र टेबलावर सांडली.

"सारंग, ही आपली जुई वाटते का तुला?" भांडी लावताना मी विचारलं.

"म्हणजे?"

"चाल बघ तिची. जिन्यावरची."

"मोठी होतेय. शलाका, आठ वर्षं तू तिच्या मागे लागलीस मराठी बोल म्हणून. आता बोलते तर तुला तेही नको! कमाल आहे तुझी." तो चिडला नव्हता, थकला होता. मग म्हणाला, "मला वेगळीच काळजी आहे. गाडीचं इंजिन बिघडलंय. काल चालू केली तर अशी धडधडते की विचारू नको."

मी तशीच चपला घालून गॅरेजमध्ये गेले. किल्ली फिरवली. पहिल्याच ठोक्यांना कानशिलं गरम झाली.

दोन जवळजवळ, मग दम. दोन जवळजवळ, मग दम.

मी लॅपटॉप आणला, मायक्रोफोन चिकटवले, रेघा काढून मोजलं. प्लग बंद पडला असेल तर एक ठोका गाळला जातो. हवा ओढत असेल तर ठोके कमीजास्त होतात. इथे एकही ठोका चुकत नव्हता. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत दांड्याचा फेरा नव्वद अंश, मग दीडशे, नव्वद, दीडशे. शहात्तर सालच्या मूळ इंजिनाची चाल होती ती. शनिवारचं ब्रेडाचं रेकॉर्डिंग शेजारी लावलं, ते सरळ. आत पोलादाचा क्रँकशाफ्ट असतो हो, तीन दिवसांत तो आकार बदलत नाही. बारा वर्षं मी हेच काम केलंय.

मग मी एक मूर्खपणा केला. फोनमध्ये जुईचा जुना व्हिडिओ होता, वाढदिवसाला जिना उतरतानाचा. त्यातली पावलं काढली आणि इंजिनाच्या वेगाला ताणून एकावर एक ठेवली. रेघा जुळल्या. तिची दुसरी पायरी नेहमी जराशी जोरात पडते. इंजिनाचा दुसरा ठोकासुद्धा.

मी लॅपटॉप मिटला आणि तिथेच स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले.

७

"उद्या मेकॅनिक येतोय," सारंगने बुधवारी सकाळी कामाला निघताना सांगितलं. "इंजिन उतरवून भंगारात देतो म्हणाला. दुसरं बसवू."

"नको," मी ओरडलेच. "हात लावायचा नाही त्याला!"

"अगं, काय झालंय तुला? एक इंजिन आहे ते." तो सायकल घेऊन गेला.

बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात. साडेबाराला मुलगी घरी आली, दप्तर जागेवर ठेवलं, हात धुतले. मी न सांगता. मी तिला वरण-भात वाढला आणि गॅरेजमध्ये गेले. दार सताड उघडं ठेवलं, इंजिन चालू केलं. मागे जाऊन डाव्या सीटच्या लोखंडी पायाला मायक्रोफोन चिकटवला. पुढे येऊन हेडफोन घातले.

आधी फक्त ठोके. टप-टप... टप-टप... मग दोन ठोक्यांमधल्या त्या मोकळ्या जागेत काहीतरी होतं. मी आवाज वाढवला. बारीक, कंटाळलेला, नाकातून येणारा सूर. असा कंटाळा एकच पोरगी करू शकते.

"ममा, झेइन वे एर अल?"

मी आरशात पाहिलं. डावीकडचा पट्टा ताठ होता. सीटपासून वर, एका लहान मुलीच्या मांडीइतका वर, आणि खाली काही नव्हतं.

हेडफोन काढले तेव्हा दारात ती उभी होती, चौथी. ओठाला भाताचं शीत लागलेलं.

"आई, कुठे निघालीस? मीपण येते."

मला तिची भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगू? दयाही आली. मीच बोलावली होती तिला. मीच म्हटलं होतं, घरी येणार, माझ्याशी मराठीत बोलणार. ती बिचारी शब्दाला जागली.

"बस," मी म्हटलं. "पेट्रोलच्या पंपावर जायचंय."

ती उजव्या दाराने चढली. टक. पट्टा लागला.

८

मला एवढंच कळत होतं की जिथे अदलाबदल झाली तिथे जायचं आणि सुपारी शोधायची. नेलंय तिला, तर आणायलाच हवं, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. मी सुपारी घरात आणलीच नव्हती. जुईच्या नावाने चौथीला घरात आणलं होतं, आणि खऱ्या जुईला गाडीतच त्या पट्ट्यात बसवून ठेवलं होतं.

रस्त्यावर ऊन होतं. इंजिन लंगडत चाललं होतं आणि प्रत्येक जोडीला मी मनात म्हणत होते, आलेच, आलेच राजा. पंपाची पाटी दिसली. मी वेग कमी केला आणि त्याच क्षणी मागून दोघींनी एकदम विचारलं.

"ममा, झेइन वे एर अल?"

"आई, पोचलो का गं?"

एक डावीकडून, एक उजवीकडून. हेडफोनशिवाय, स्वच्छ. मी एकीलाच उत्तर देऊ शकत होते. आठ वर्षं मी जिच्यावर या एकाच गोष्टीसाठी चिडले, तिला मी उत्तर दिलं.

"नोख एव्हन, राजा," मी म्हटलं. "नोख एव्हन."

इंजिनाने एक ठोका गाळला. मग सरळ चालायला लागलं. सारखं, एका अंतराने, वीमच्या अंगणात होतं तसं.

मी कचऱ्याच्या डब्याशेजारी गाडी उभी केली, किल्ली फिरवली. गायी पलीकडे उभ्याच आहेत. पुढच्या चाकापाशी, पांढऱ्या रेघेवर, सुपारी पडली आहे. इथून दिसते आहे.

मागे पट्टा सुटल्याचा आवाज आला. टक. एकच. आयुष्यभर मी कानावर पोट भरलं, आणि तो डावीकडचा होता की उजवीकडचा, ते मला सांगता येत नाही. आरसा मी वर फिरवून ठेवला आहे. मागे कुणीतरी सीटवर पुढे सरकलं. एक लहान हात माझ्या खांद्यावर आला, कोमट, जरासा चिकट.

बोल गं. माझ्याशी बोल काहीतरी. मी कधीही काही म्हणणार नाही, फक्त डचमध्ये बोल.